झिंगाट थांबतं तिथे

बीड जिल्ह्यात लग्नसराईत कुठल्याही गावात जा. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या पाराकडे निघाला की टेम्पोवरच्या डीजेतून ‘झिंगाट’ सुटल्याशिवाय राहत नाही. २०१६ साली आलेलं गाणं, पण अजून शिळं झालेलं नाही. नवरदेवाचे मित्र नाचतात, मामा नाचतात, गुडघे धरून बसणारे चुलतेसुद्धा दोन पावलं टाकतात. ‘सैराट’ सिनेमात हे गाणं नेमकं कुठे येतं, असं त्या गर्दीत कुणाला विचारलं तर मात्र उत्तर यायला वेळ लागतो. ते येतं पाटलाच्या वाड्यावर, पोराच्या वाढदिवसाला. गाण्याची धुंदी उतरायच्या आत आर्ची आणि परश्या पकडले जातात आणि मारहाण सुरू होते. तिथून पुढे सिनेमाभर एकही गाणं नाही. ज्या गाण्यावर आपण लग्नं लावतो, ते त्या सिनेमात लग्नाच्या आड येणाऱ्या जातीच्या उंबऱ्यावर वाजलेलं आहे.

लोकप्रिय सिनेमातले छुपे संदेश शोधायची हल्ली फॅशन आहे. नायिकेच्या साडीचा रंग, मागच्या भिंतीवरचा आकडा, मोटारीची नंबरप्लेट, असलं काहीबाही मोबाइलवर फिरत असतं. त्यातलं निम्मं बघणाऱ्याच्याच डोक्यातून आलेलं असतं. मराठी सिनेमाचा गेल्या नव्वद वर्षांचा हिशेब मांडला तर खरा चोरकप्पा संगीतात सापडतो. तिथेही गाण्याच्या शब्दांत तो क्वचित असतो. कारण शब्द सेन्सॉर वाचतो, पाटील ऐकतो, पुढारी ऐकतो. वाद्य कुठलं निवडलं, गाणं कथेत कुठे ठेवलं आणि कुठे बंद केलं, याची कात्री मात्र अजून निघालेली नाही.

सुरुवात प्रभात फिल्म कंपनीपासून करावी लागते, आणि ती आमच्या गोदाकाठची आहे. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी संत एकनाथांवर सिनेमा केला. पैठण आमच्या बीड जिल्ह्याच्या उत्तरेला, गोदावरीच्या पलीकडच्या काठावर. नाथांनी अस्पृश्याघरी जेवण घेतलं, तहानेल्या गाढवाला गंगेचं पाणी पाजलं, या गोष्टी मराठवाड्यातल्या लेकरांना आजीच्या तोंडून कळतात. सिनेमाचं नाव ठेवलं होतं ‘महात्मा’. सेन्सॉरनं ते नाव उडवलं, कारण महात्मा म्हटलं की लोकांना कोण आठवणार हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. सिनेमा ‘धर्मात्मा’ म्हणून लागला. आत बालगंधर्व एकनाथ झाले होते आणि संगीत मास्टर कृष्णरावांचं. नाव बदललं तरी गाणी, भजनं आणि अस्पृश्याचं पोर कडेवर घेणारे नाथ जागच्या जागीच राहिले. सरकारला पाटी दिसली, पोटातला माल दिसला नाही. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि आमच्याकडे हैदराबादचा हुकूम चाले, तो सप्टेंबर १९४८ पर्यंत. पलीकडच्या मुलखात इंग्रजाच्या कात्रीखालून नाथांचा सिनेमा असा बाहेर पडला होता.

पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’ आला. दामले-फत्तेलाल यांचा हा सिनेमा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातली एक गंमत शांताराम आठवल्यांची. बीज आणि वृक्ष यांची उपमा घेऊन त्यांनी त्या सिनेमासाठी एक अभंग रचला, तो इतका अस्सल उतरला की जाणत्यांनीही तो गाथेत धुंडाळला. आजही कीर्तनात तो तुकोबांच्या नावावर खपतो. पण मला त्या सिनेमातली दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. तुकारामाचा वैरी सालोमालो हा तुकोबांचेच अभंग स्वतःच्या नावावर गातो. संगीतकार केशवराव भोळे यांनी त्याला दिलेली गायकी ताना-मुरक्यांची, मिरवण्याची. तुकारामाच्या म्हणजे विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी मात्र साधी, सपाट, टाळावर चालणारी चाल. अभंग एकच, अक्षरही बदललेलं नाही, आणि कोण खरा, कोण सोंगाड्या हे कानाला पहिल्या दोन ओळींत कळतं. धर्माचा मक्ता कुणाचा, हा प्रश्न भोळ्यांनी एकही संवाद न वापरता सोडवला. मराठी सिनेमासंगीतात एवढं धारदार विधान फार थोड्या वेळा झालं असेल.

भोळ्यांनीच १९३७च्या ‘कुंकू’मध्ये उलटा डाव टाकला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराची ती कथा, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरची. सिनेमात पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज, बस्स. प्रेक्षकाला कुठे रडायचं हे सांगणारं व्हायोलिन नाही, म्हणून नीराचा नकार आणखी कडक ऐकू येतो. वर शांता आपटे त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. कोंडलेल्या बाईच्या तोंडी परक्या भाषेतलं स्वातंत्र्य! आज ते थोडं शाळकरी वाटतं खरं, पण त्या काळी ती केवढी मोठी उडी होती.

हिंदीत या खेळाचा नमुना म्हणून ‘किस्मत’चं उदाहरण सगळे देतात, मीही देतो. १९४३ साल, ‘चले जाव’ची धग विझलेली नाही आणि पडद्यावर परक्यांना हिंदुस्थानातून हटायला सांगणारं समूहगीत. कवी प्रदीप यांनी त्यात जर्मन आणि जपानी यांची नावं घातली, म्हणून सेन्सॉरला ते युद्धप्रचाराचं वाटलं. टाळ्या पिटणाऱ्यांना पत्ता बरोबर कळला होता. अनिल विश्वासांची चाल प्रभातफेरीची होती, हेही विसरू नये. सरकारच्या लक्षात आल्यावर प्रदीप यांना अटक टाळायला लपून राहावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर परका शत्रू गेला आणि गावातला उरला. तमाशापटांनी त्याला धरलं. १९५९चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. वसंत पवारांचं संगीत, गदिमांची गाणी. लोकांना त्यातली बुगडीची लावणी तेवढी आठवते. मूळ मुद्दा वेगळाच आहे. गावच्या पाटलानं जे पाप केलं ते चावडीवर सांगायची कुणाची छाती नाही, पोलिसात जायची सोय नाही, म्हणून तमाशातली बाई ते वगात गुंफून भर बोर्डावर सांगते. ती तिथे आरोपपत्रच वाचते, ढोलकीच्या साथीनं. पाटील पुढच्या रांगेत बसलेला आणि प्रेक्षक शिट्ट्या मारताहेत. लावणी ही करमणूक आणि वग हा साक्षीचा पिंजरा, ही तमाशाची जुनीच वाटणी. सिनेमानं ती नेमकी उचलली. पुढे ‘पिंजरा’त, १९७२ साली, राम कदमांच्या लावण्यांनी एक आदर्श मास्तर गिळला असं वरवर दिसतं. शेवटी मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपात सापडतो आणि गाव त्याच्या पुतळ्याला हार घालतं. पुतळ्याखाली माणूस गाडायची आपली सवय त्यात उघडी पडली. लावण्या इतक्या चढल्या की पुतळा कुणाच्या लक्षातच राहिला नाही. गाण्यानं संदेश लपवणं आणि गाण्यानं संदेश खाऊन टाकणं यांत अंतर किती कमी असतं ते इथं कळतं.

दादा कोंडक्यांचं काय करायचं, हा आढावा लिहिणाऱ्या प्रत्येकाचा पेच. त्यांच्या गाण्यांतला दुसरा अर्थ छुपा कधी नव्हताच. जत्रेच्या तंबूत बसलेल्या शेंबड्या पोरालाही तो कळे. सेन्सॉरसमोर मात्र सरळ अर्थाचा कागद पुढे करायचा आणि वाकडा अर्थ प्रेक्षकाच्या माथी मारायचा, ही त्यांची युक्ती. ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’ यांतला अर्ध्या चड्डीतला बावळट शेवटी पाटलाला, सावकाराला, फौजदाराला उताणा पाडतो. द्वयर्थाच्या धुरळ्यात ते दिसत नाही. मला त्यातली बाईकडे बघायची नजर सोसत नाही आणि सत्तेकडे बघायची नजर आवडते. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत, इलाज नाही.

हे सिनेमे आमच्याकडे पोचले ते बहुधा टुरिंग टॉकीजमधून. कापडाचा तंबू, जमिनीवर बसायचं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि संध्याकाळ झाली की कर्ण्यावर गाणी लावून गावाला वर्दी द्यायची. म्हणजे सिनेमाच्या आधी गाणं यायचं आणि तंबू उठून पुढच्या जत्रेला गेल्यावरही गाणंच मागे राहायचं. ज्याला तिकिटाचे पैसे जमले नाहीत त्याच्या वाट्याला नुसतं गाणं. कथेपासून गाणं तुटायला डीजेची वाट बघावी लागली नाही, ते तंबूच्या कापडाबाहेरच तुटलं. या फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला, तोवर तंबू जवळजवळ संपलेले होते.

आता साखरेकडे येऊ, कारण बीडचं आणि साखरेचं नातं सिनेमानं अर्धंच ऐकलंय. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळू फुले, दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू आणि मारुती कांबळे या बेपत्ता माणसाचं पुढे काय झालं हा एकच प्रश्न. भास्कर चंदावरकरांचं संगीत. आरती प्रभूंचं एक गाणं रवींद्र साठे यांनी गायलं आहे, कुणाचं ओझं कुणी वाहायचं असं विचारणारं. शब्द आध्यात्मिक, कीर्तनातही शोभतील असे. सहकारी कारखान्याच्या गावात ते वाजू लागले की खांदा कुणाचा आणि ओझं कुणाचं याचा अर्थ अध्यात्माच्या पार पलीकडे जातो. चार वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये हृदयनाथ मंगेशकरांनी सुरेश भटांची रचना आशा भोसले यांच्या आवाजात वापरली. पहाट होता होता रात्र पडल्याची तक्रार करणारी ती रचना, आणि पडद्यावर मंत्रालयातले डाव. आणीबाणी उठून दोनच वर्षं झाली होती. ती रचना पुढे सभा-मोर्चांतून गाजत राहिली, सिनेमा बघितला नाही अशांनीही ती म्हटली.

‘सामना’ची कथा मात्र कारखानदाराची आणि मास्तरची आहे. ऊस तोडणारा तिच्या केंद्रात नाही, आणि तो तोडणारा बहुतेक वेळा आमच्या जिल्ह्यातून गेलेला असतो. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. ट्रॉलीत सरपण, पत्रे, पिठाचे डबे, पायाला दोरी बांधलेली कोंबडी, वर गोधड्यांच्या ढिगावर लेकरं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती फेडायची. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. ट्रॅक्टरवाल्यानं सीटच्या मागे दोन स्पीकर बसवलेले असतात आणि अहमदपूर रस्त्यानं असो की नगर रस्त्यानं, ते रात्रभर वाजत जातात: नव्वदीतली हिंदी विरहगीतं, आनंद शिंदे, मधूनच ‘सैराट’. झोप येऊ नये म्हणून ड्रायव्हर ती लावतो. मागे ट्रॉलीत बाई लेकराच्या कानावर पदर धरते.

पहाटे चारला फडात कोयता चालतो त्याचा आवाज, मोळी बांधतानाचा, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढतानाचा श्वास, यांत लय आहे आणि संगीतकाराला ती सहज सापडावी. २०१९ साली इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, देशभर बातम्या झाल्या. लोकांच्या ओठांवर बसलेल्या सिनेमाच्या एकाही गाण्यात मला तो कोयता सापडत नाही. छुपाही नाही.

मराठवाड्याच्या मातीतलं गाणं पडद्यावर आणलं ते ना. धों. महानोरांनी. अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याचा हा शेतकरी कवी. ‘जैत रे जैत’ (१९७७) सह्याद्रीतल्या ठाकरांची गोष्ट, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरची. संगीत हृदयनाथांचं. मोहन आगाशे, स्मिता पाटील. गाणीच इतकी की सिनेमा गाण्यांतूनच पुढे सरकतो. त्यातला संदेश तसा उघडा आहे: पुण्यवंत होण्याच्या हट्टापायी नाग्या डोंगरातल्या राणीमाशीशी वैर मांडतो आणि स्वतःची माणसं गमावतो. लपलेली गोष्ट अशी की महानोरांनी जंगलातल्या माणसांना शहराची भाषा दिली नाही आणि खोटी अडाणी भाषाही दिली नाही. त्या काळच्या सिनेमात आदिवासी म्हणजे पिसं लावून ‘हू हू’ करणारा समूह असे. इथे त्याला कविता मिळाली, हा राजकीय निर्णयच म्हणायचा. ३ ऑगस्ट २०२३ रोजी महानोर गेले तेव्हा रेडिओनं दिवसभर त्यांची निसर्गगीतं लावली.

वाद्यांकडे वळलो की विषय गावकुसापर्यंत जातो. मराठवाड्यात प्रत्येक वाद्याला जात आहे, हे बोलायला अवघड पण खरं. पखवाज देवळाच्या सभामंडपात. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंचा पखवाज पद्मश्रीपर्यंत पोचला आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. संबळ गोंधळ्याचं. चौंडकं आराध्या-जोगत्यांचं, यल्लमा, तुळजाभवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी यांच्या दारात वाजणारं. हलगी गावाबाहेरच्या वस्तीची. ती लग्नाला लागते, मयताला लागते, देवाच्या पालखीपुढे लागते, पण वाजवणाऱ्याचं ताट वेगळं असायचं. संगीतकार जेव्हा यातलं एखादं वाद्य उचलतो तेव्हा तो हे सगळं सोबत उचलतो, त्याला माहीत असो वा नसो.

अजय-अतुल यांना ते माहीत होतं, असं ‘जोगवा’ (२००९) ऐकताना वाटतं. राजन गवसांच्या लेखनातून आलेली कथा, दिग्दर्शक राजीव पाटील. देवीला सोडलेली सुली आणि लुगडं नेसायला भाग पाडलेला तायप्पा. भंडारा उधळणारं देवीचं गाणं चौंडक्यावर असं चढतं की ऐकणारा भक्तीत वाहून जातो. आणि त्याच ठेक्यावर पडद्यावर दोन माणसांचं आयुष्य मोडलेलं असतं. ठेका पूजेचा, चित्र अन्यायाचं. ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना आणि संगीतासाठी अजय-अतुलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नवरात्रात आमच्याकडे मंडपामंडपात ती गाणी वाजतात, आराधी बायकाही त्यांवर खेळतात. सिनेमा ज्या प्रथेला विरोध करतो तिच्याच उत्सवात त्याची गाणी सामावली गेली. हा पराभव म्हणावा की देवीनं सिनेमाला पदरात घेतलं म्हणावं, मला ठरवता येत नाही. ‘नटरंग’चं तेच, थोडक्यात: पुरुषानं नाच्या होण्याची किंमत सांगणारा सिनेमा, आणि शाळांच्या स्नेहसंमेलनात उरली ती अप्सरा.

नागराज मंजुळे यांनी हा धडा घेतला असावा. ‘फँड्री’त (२०१३) त्यांनी सर्वात मोठा घाव आपण सर्वांनी पाठ केलेल्या गाण्यानं घातला. कैकाडी कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. पोरगा जब्या थबकतो, बाप थबकतो, सगळं घर शिळा होऊन उभं राहतं आणि डुक्कर मात्र निघून जातं. त्याला कुणी नागरिकशास्त्र शिकवलेलं नाही. महाराष्ट्रात सिनेमाघरात खेळाआधी राष्ट्रगीत लावायची पद्धत २००३ पासूनची. प्रेक्षक तासाभरापूर्वी त्याच सुरांना उभा राहिलेला असतो. आता बसून ते ऐकतो आणि पडद्यावर कुणाला उभं राहणं किती महाग पडतं ते बघतो. एकही शब्द नव्यानं लिहिलेला नाही, कुठल्याही सेन्सॉरला हरकत घेता येणार नाही, आणि संविधानातल्या समतेवर यापेक्षा बोचरी टिप्पणी आपल्या सिनेमात नाही. नंतर मेलेलं डुक्कर काठीला लटकवून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले दांपत्य, शाहू, गाडगेबाबा यांची चित्रं सरकत जातात. हे चित्र सगळ्यांनी टिपलं, लेख लिहिले. राष्ट्रगीताचा प्रसंग मला त्याहून वरचा वाटतो, कारण भिंत नजरेनं वाचावी लागते आणि ते गीत अंगात मुरलेलं असतं.

‘सैराट’मध्ये युक्ती आणखी पुढे गेली. लॉस एंजलिसच्या स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद लावून ध्वनिमुद्रण, चार गाणी, चारही पूर्वार्धात. करमाळ्याच्या परिसरातली विहीर, केळीच्या बागा, ऊस, आणि त्यावर हॉलिवूडचं व्हायोलिन. गावातल्या पोरापोरीचं प्रेम एवढ्या थाटाला लायक आहे, हे त्या व्हायोलिननं सांगितलं. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. तिचा हा तोरा तिचा एकटीचा आहे की तिच्या आडनावाचा, हे गाणी वाजत असताना कुणी विचारत नाही. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वात कमी. अशा जिल्ह्यात बुलेटवरच्या आर्चीला पोरींनी डोक्यावर घेतलं यात नवल ते काय! उत्तरार्धात ते दोघे हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचतात तेव्हा आडनाव मागे राहिलेलं असतं, आणि संगीतही. (मराठवाड्याच्या माणसाला एकेकाळची आपली राजधानी पडद्यावर अशी परकी दिसली, ती वेगळीच मौज.) शेवटच्या मिनिटांत तर आवाजच जातो. रक्तात भिजलेली चिमुकली पावलं, रडणारं लेकरू, आणि कानाला काहीच नाही. शंभर कोटींच्या घरात कमाई करणारा पहिला मराठी सिनेमा हा. एवढ्या लोकांना एकाच वेळी गप्प बसवण्याचं काम त्या गाण्यांशिवाय झालं नसतं. गाणी आमिष होती, गळ शेवटी होता.

आमिष मात्र लोकांनी सोडवून घेतलं. डिसेंबर २०१८मध्ये बीड शहरात बहिणीनं मनाविरुद्ध लग्न केल्याच्या रागातून तिच्या नवऱ्याचा खून झाला, तेव्हा मथळ्यांत ‘सैराट’ हाच शब्द आला. त्या हिवाळ्यातल्या लग्नांत ‘झिंगाट’ही वाजतच होतं. शब्द एकाच सिनेमाचे, एक खुनाचं नाव झाला आणि दुसरा आनंदाचं. दोन्हीची गाठ एकाच माणसाच्या मनात पडते की नाही, कोण जाणे.

‘झुंड’मध्ये (२०२२) मंजुळे यांनी डीजेलाच आत घेतलं. नागपूरच्या वस्तीतली आंबेडकर जयंतीची मिरवणूक, अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर, आणि कानठळ्या बसवणारा बास. सुशिक्षितांना जयंतीचा डीजे म्हणजे धिंगाणा वाटतो, गणपतीचा डीजे म्हणजे उत्साह. हलगी वाजवायला बोलावलेल्या आणि वेगळं जेवायला बसवलेल्या माणसाच्या नातवाला आवाजाचा ताबा मिळाला की तो बटण शेवटपर्यंत फिरवणारच. छातीतले दगड हलतात, म्हातारी माणसं हैराण होतात, तेही खोटं नाही. बीडच्या जयंतीत ते दोन्ही एकाच रस्त्यावर दिसतं.

गाण्यात संदेश शोधायचं काम सरकारनंच अंगावर घेतलं तर काय होतं, ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांनी गटारात उतरणाऱ्या कामगारांना जीव द्यायला लावणारं गाणं गायलं, असा आरोप. भूमिका वीरा साथीदारांची, गाणी संभाजी भगतांची. खटला रटाळ, तारखांवर तारखा. वकीलबाई कायद्याची कलमं एका सुरात वाचत राहतात, तो सूर मुद्दाम संगीतहीन ठेवला आहे. ज्या गाण्यात लपवलेलं काही नाही, जे भर चौकात मोठ्यानं गायलं, त्याच्या पोटात सरकारी पक्ष गुप्त अर्थ शोधतोय. हसू येतं आणि येत नाही.

ऐकणारे लोकही गप्प बसत नाहीत, ते गाणं उसवून पुन्हा शिवतात. आमच्याकडे भजनी मंडळात सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणायची चाल जुनी आहे. पेटीवाला बेरकी असला तर हिंदी प्रेमगीताची चाल अशी फिरवतो की माळकरी माना डोलावतात आणि मागे बसलेली पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारतात. जुने वारकरी कपाळाला आठ्या घालतात. वामनदादा कर्डकांनी आणि त्यांच्या मागच्या गायकांनी सिनेमाच्या चालींवर भीमगीतं बांधली, आणि कित्येक वस्त्यांत चाल भीमगीताची म्हणूनच ओळखली जाते, मूळ सिनेमा कुणाला ठाऊक नसतो. निवडणूक लागली की त्याच चालींवर उमेदवाराचं नाव बसवून जीपगाड्या फिरतात. त्यातला संदेश लपवण्याची तसदी कुणी घेत नाही.

माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभ्या केलेल्या ओवीसंग्रहाच्या कामात १९९६च्या सुमारास त्या ध्वनिमुद्रित झाल्या. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या त्या संग्रहात जमल्या आहेत. जातं घरातलं, वेळ पहाटेची, ऐकायला दुसरी बाईच. सासूला, नवऱ्याला, गावाला सांगता येत नाही ते दळणात घालायचं. छुप्या संदेशाचं याहून जुनं यंत्र आपल्याकडे नाही. सिनेमानं ते फारसं वापरलं नाही याचं कारण धंद्याचं असावं: ओवीला मुखडा नसतो, ती फिरून त्याच ओळीवर येत नाही, दळण संपलं की थांबते. परण्यापुढे ती वाजवता येत नाही. तरी १९६१ साली ‘मानिनी’त वसंत पवारांनी बहिणाबाईंची गाणी घेतली आणि घराघरांत पोचवली. खानदेशातल्या जात्यावरचं पडद्यावर येऊ शकलं, तर माजलगावचं का नाही, हे कुणातरी संगीतकाराला विचारायचं आहे.